बातमी आधी कोणाच्या हाती?

रेणापूर : सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की रेणापूर तालुक्यातील शेतकऱ्यांचे लक्ष लातूरच्या आडत बाजाराकडे लागते. तेथील दर मात्र केवळ आवकेवर ठरत नाही. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या सोयाबीन तेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले आणि मे २०२५ अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले. दिल्लीतून निघणाऱ्या अशा अधिसूचनेचा परिणाम तेलगिरण्यांच्या खरेदीवर होतो. साहजिकच, ही बातमी व्यापाऱ्यास आधी कळते की शेतकऱ्यास, यास महत्त्व येते.

आज माहितीचा तुटवडा नाही. मोबाइलवर दिवसभर संदेशांचा पाऊस पडत असतो. परंतु त्यांतील अनेकांवर ना तारीख असते, ना उगम. गतवर्षीचा दर आजचा म्हणून फिरतो. समाजमाध्यमांवर तर कोणती बातमी वर दिसावी, हे वाचक नव्हे, संगणकीय गणित ठरवते.

या गोंधळावरचा एक उपाय जुनाच आहे. १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीने आरएसएस ही पद्धत आणली. वाचकाने आपल्याला हवी ती संकेतस्थळे निवडावयाची; तेथे नवे काही प्रसिद्ध होताच त्याचा मथळा, दुवा आणि बहुधा वेळही एकाच ठिकाणी येऊन पडते. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर ही सोय आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ व्यवस्थेतील इशारेही याच मार्गाने मिळतात. विजा आणि अतिवृष्टीच्या दिवसांत त्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

अर्थात, साधन कायमचे नसते. २००५ मध्ये सुरू झालेले ‘गुगल रीडर’ कंपनीने १ जुलै २०१३ रोजी बंद केले. आरएसएस ही पद्धत मात्र कोणा एका कंपनीच्या मालकीची नसल्याने टिकली. वाचकांना ‘फीडली’, ‘इनोरीडर’ यांसारख्या सेवांकडे आपली यादी नेता आली.

तथापि, वेळेवर बातमी मिळाली म्हणजे पदरात जादा दर पडला, असे नव्हे. ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ने २००७ मध्ये महाराष्ट्रात बाजारभाव व हवामानाचे लघुसंदेश पुरविण्यास प्रारंभ केला. या सेवेचा अभ्यास फाफशाँ आणि मिंटेन या अर्थतज्ज्ञांनी राज्यातील १०० गावांत केला. सोयाबीनसह पाच पिकांच्या या अभ्यासात शेतकऱ्यांना मिळालेल्या दरात सरासरी लक्षणीय वाढ आढळली नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष अंतर्मुख करणारा आहे.

दर वाढणार हे कळूनही देणी भागविण्यासाठी माल विकावाच लागत असेल, तर त्या माहितीचा उपयोग काय? थांबण्याची ताकद हवी. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून त्यासाठीच आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्यावर कर्ज घेण्याची ही सोय. माहिती आणि तारण यांची सांगड घातली, तरच निर्णय शेतकऱ्याच्या हाती राहील. त्यासाठी बाजार समित्यांनी रोजचे दर तारीख-वेळेसह, मराठीत आणि फीडच्या स्वरूपात खुले करणे ही पहिली पायरी ठरावी. अन्यथा बातमी हाती येईल. परंतु तोवर माल हातचा गेलेला असेल.