पक्षी श्वास कसा घेतो?

वटवाघूळ उडतं, पण ते पक्षी नाही. शहामृगाला उडता येत नाही, तरी तो पक्षी आहे. चोच कासवालाही असते आणि अंडी तर पालही घालते. मग पक्षी ओळखायचा कशावरून? पिसांवरून. आज पृथ्वीवर पिसं असलेला दुसरा कोणताही प्राणी नाही. आपली नखं आणि केस ज्या केराटिनचे बनतात, त्याच जातीच्या पदार्थाची ही पिसं.

पिसं ही झाली बाहेरची खूण. पक्ष्याचं खरं वेगळेपण आत, त्याच्या श्वासात आहे.

आपली फुप्फुसं भात्यासारखी फुगतात आणि आकसतात. हवा ज्या वाटेने आत येते त्याच वाटेने बाहेर जाते, म्हणून थोडी शिळी हवा नेहमी आत उरते. पक्ष्याची फुप्फुसं लहान असतात आणि जवळजवळ फुगत नाहीत. त्यांना पातळ हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, बहुतेक पक्ष्यांत ९. भात्याचं काम त्या करतात. आत घेतलेली बरीचशी हवा आधी मागच्या पिशव्यांत जाते, तिथून फुप्फुसांत, मग पुढच्या पिशव्यांत आणि शेवटी बाहेर. फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते. त्यामुळे श्वास घेताना आणि सोडतानाही त्यांना ताजी हवा मिळते. हिवाळ्यात आपल्या जायकवाडीच्या जलाशयावर उतरणारे पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात, ते याच श्वासाच्या बळावर.

पण जी फुप्फुसं प्राणवायू इतका भरभर शोषतात, ती विषारी वायूही तितक्याच भरभर शोषतात. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत कामगार कॅनरी पक्षी बरोबर नेत. कार्बन मोनॉक्साइड पसरला की माणसाआधी कॅनरी कोसळायची आणि कामगार बाहेर पळायचे. १९८६ मध्ये तिथे यंत्रं आली आणि कॅनरीची सुटका झाली.

आपल्या घरातल्या लव्हबर्ड किंवा बजरीगरचा श्वासही असाच आहे. त्यांचा पिंजरा स्वयंपाकघरात टांगू नका. नॉनस्टिक तवा रिकामा राहून जास्त तापला, तर त्याच्या वाफेने पिंजऱ्यातला पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. आपल्याला मात्र तोवर काही जाणवतही नाही. डासांची अगरबत्ती, फवारा, विडी-सिगारेट यांचा धूरही त्याच्यापासून लांब ठेवा.

आणखी एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. आपल्या छातीखाली श्वासाचा पडदा असतो, तसा पक्ष्याला नसतो. छातीचं हाड पुढेमागे हललं तरच त्याला श्वास घेता येतो. लाडाने का होईना, मुठीत छाती आवळली, तर नाक-चोच मोकळी असूनही तो गुदमरतो. घरट्यातून पडलेलं पिल्लू उचलायचं झालं तर ओंजळीत, सैल हाताने उचला. त्याच्या चोचीत पाणी ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी थेट तिथे जातं.

राहता राहिला हिरवा मिठू. आपल्या रानातल्या पोपटांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना पकडणं, विकणं किंवा पिंजऱ्यात पाळणं गुन्हा आहे. बाजारात कुणी पोपटाचं पिल्लू दाखवलं आणि मुलांनी हट्ट धरला, तर घेऊ नका. गच्चीवर सावलीत पाण्याचं एक पसरट भांडं ठेवा आणि ते रोज धुऊन भरा. पक्षी आपणहून येतील, पाणी पितील आणि उडून जातील.