कोरियाची एक रात्र आणि वालूरची शाळा

3 डिसेंबर 2024 च्या रात्री दक्षिण कोरियाचे अध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला. राजकीय हालचालींवर बंदी आली, वृत्तपत्रे लष्कराच्या नियंत्रणाखाली आणण्याचे फर्मान निघाले, सैनिक संसदभवनात शिरले. तरीही लोकप्रतिनिधी कुंपणे ओलांडून सभागृहात पोहोचले आणि उपस्थित 190 सदस्यांनी एकमताने लष्करी कायदा उठविण्याची मागणी केली. बाहेर नागरिक सैनिकांची वाट अडवून उभे होते. सुमारे सहा तासांत अध्यक्षांना माघार घ्यावी लागली. 4 एप्रिल 2025 रोजी तेथील घटना न्यायालयाने त्यांना एकमताने पदच्युत केले.

हे यश केवळ एका कलमाचे नव्हे. संसदेने बहुमताने मागणी केल्यास लष्करी कायदा मागे घेतलाच पाहिजे, असे कोरियाची घटना सांगते. परंतु ते कलम जिवंत करण्यासाठी मध्यरात्री घराबाहेर पडणारी माणसे लागतात. मे 1980 मधील ग्वांगजूचे हत्याकांड आणि 1987 साली विद्यार्थी व नागरिकांनी लढून मिळविलेली अध्यक्षांची थेट निवडणूक, या दोहोंची स्मृती त्या समाजाने पुढच्या पिढीच्या हाती सोपविली होती. प्रसंग येताच तीच कामी आली.

परभणी जिल्ह्यातील वालूरच्या शाळेत हा धडा अवश्य शिकवावा, पण परदेशाची नवलकथा म्हणून नव्हे. हा सारा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राजवटीत होता, आणि त्या राजवटीविरुद्धच्या लढ्याचे अग्रणी स्वामी रामानंद तीर्थ हे मुळात शिक्षक होते. पुढे स्वतंत्र भारतातही 25 जून 1975 रोजी आणीबाणी लादली गेली. 1977 साली मतदारांनी तिचा निकाल लावला. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीसाठी ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल कारण काढून टाकले आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही अबाधित केला. कोरियाशेजारी या तारखा फळ्यावर मांडल्या, तर विद्यार्थ्याला संबंध उमगेल.

मात्र लोकशाहीवर घाला नेहमी बंदुका घेऊनच येतो, असे नाही. 2022 साली मुदत संपल्यानंतर परभणीसह राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती राहिला. आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला होता, हे खरे. पण अखेर 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयालाच निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. कोरियाच्या जनतेने सहा तास सोसले नाहीत. येथे वर्षे सरली आणि फारशी कुजबुजही झाली नाही. रात्री पडलेला दरोडा गाव जागे करतो, रोजची झिरप कोणाच्या लक्षात येत नाही. नागरिकशास्त्राने ही झिरप ओळखायला शिकविले पाहिजे.

‘शाळेत राजकारण नको’ हा आक्षेप येईल. पक्षप्रचार नकोच. परंतु शाळेचे छप्पर गळत असेल तर त्याचा जाब कोणत्या लोकप्रतिनिधीला विचारावा आणि तो लोकप्रतिनिधीच नसेल तर काय करावे, हा प्रश्न प्रचाराचा नव्हे, नागरिकत्वाचा आहे. विद्यार्थ्यांनी ग्रामसभेला बसावे, तिचे इतिवृत्त वाचावे, वर्गप्रतिनिधीची निवड गुप्त मतदानाने करावी. असे पाठ देणाऱ्या शिक्षकावर दडपण आल्यास त्याच्या पाठीशी उभे राहणे आणि ग्रामसभा वेळेवर भरते की नाही यावर डोळा ठेवणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे. 17 सप्टेंबरला झेंडावंदन होते, भाषणे होतात, खाऊ वाटला जातो. त्या दिवशी एक तास या प्रश्नांना दिला, तर मुक्तिलढ्याचे स्मरण अधिक सार्थ होईल. संकटाच्या रात्री धावून येणारा नागरिक त्या रात्री घडत नाही. तो वर्षानुवर्षे वर्गात आणि ग्रामसभेत घडवावा लागतो.