सभासदत्व खुले, साचेखाते बंद

१/ नारायण मेघाजी लोखंडे यांच्या १८८४ च्या मिलहँड्स असोसिएशनला ना सभासदांची यादी होती, ना निधी, ना नियमावली. तिला आद्य कामगार संघटना म्हणताना हे ध्यानात ठेवावे.

२/ काळाचौकी-परळच्या गिरणगावात खरी चुरस १९२८ च्या संपात दिसली. ना. म. जोशी यांची १९२६ मधील टेक्स्टाइल लेबर युनियन सावधपणे, वाटाघाटींवर भिस्त ठेवून वाढत होती. गिरणी कामगार युनियनने सरसकट दार उघडले. मे महिन्यातील ३२४ सभासद वर्षअखेर ५४,००० झाले.

३/ या आकड्याचे कौतुक रास्तच. परंतु ते अपुरे आहे. अमेरिकेतील ‘नाइट्स ऑफ लेबर’ने कृष्णवर्णीयांना घेतले, चिनी मजुरांना नाकारले. तेथे भेद संघटनेच्या दारातच होता. येथे तो गिरणीच्या आत होता.

४/ अधिक मजुरीचे साचेखाते, म्हणजे विणकाम, अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण विणकरांना विटाळ वाटे. सभासदाची पावती खिशात असूनही त्या कामगाराला तेथे प्रवेश नव्हता. संपाच्या मागण्यांत हा प्रश्न घ्यावा, यासाठी डॉ. आंबेडकरांना आग्रह धरावा लागला, आणि तो मालकांपाशी नव्हे, संपाच्या पुढाऱ्यांपाशी.