आईच्या हातचा अर्धा स्वेटर

माणूस गेल्यावर घरातल्या बहुतेक वस्तूंचं काय करायचं, हे हळूहळू ठरत जातं. साड्या लेकी-सुनांमध्ये वाटल्या जातात. काठी, वॉकर एखाद्या गरजूला देतात. बँकेची कागदपत्रं मुलगा बघतो. पण कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एखादी पिशवी निघते आणि सगळ्यांचे हात थांबतात. पिशवीत लोकरीचे दोन गुंडे आणि सुईवर अर्धा विणलेला स्वेटर. नाहीतर चार ओळी धावदोरा घालून बाजूला ठेवलेली गोधडी. नाहीतर एका कोपऱ्यातली फुलं भरायची राहिलेला टेबलक्लॉथ. ही वस्तू कुणासाठी होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून ती टाकवत नाही आणि बघवतही नाही.

इंदूरच्या एका वाचक मैत्रिणीने हाच प्रश्न लिहून पाठवला आहे. तिची आई जूनमध्ये गेली. होणाऱ्या नातवंडासाठी ती बाळंतविडा करत होती. दुपटी, झबली, टोपडी, कुंची सगळं तयार होतं. स्वेटरची पाठ आणि पुढचे दोन्ही भाग विणून झाले होते, एक बाही अर्ध्यावर राहिली. ऑगस्टमध्ये बाळ झालं. आता घरात तीन मतं आहेत. मावशी म्हणते, मी पूर्ण करते. सासूबाई म्हणतात, गेलेल्या माणसाचं अर्धवट काम बाळाच्या अंगावर नको. भाऊ म्हणतो, आहे तसंच ठेव, त्यावर आईचा शेवटचा हात आहे. मैत्रीण लिहिते, "मला स्वतःला विणता येत नाही, आणि तिघांपैकी कुणाचंच मला चूक वाटत नाही." थंडी तोंडावर आली आहे आणि बाळ रोज मोठं होतं आहे, म्हणून तिला उत्तर लवकर हवं आहे.

आधी टाके वाचवा

काय करायचं ते ठरेल तेव्हा ठरेल, तोवर केलेलं काम वाया जाऊ नये. सुईवरचं विणकाम नुसतं घडी करून ठेवलं की कधीतरी सुई निसटते आणि टाके सुटत जातात. त्यासाठी मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची सुई घ्या. तिच्यात वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवा आणि तो विणायच्या सुईवरच्या प्रत्येक टाक्यातून पार करा. दोन्ही टोकं सैलसर बांधा आणि मग विणायची सुई हलकेच काढून घ्या. आता टाके दोऱ्यावर सुरक्षित राहतील. ज्यांना विणता येत नाही त्यांनाही हे दहा मिनिटांत जमतं. क्रोशाचं काम असेल तर शेवटचा एकच टाका मोकळा असतो, त्यात सेफ्टी पिन अडकवली की झालं. भरतकाम असेल तर कापड रिंगमधून काढा, नाहीतर गोल वळ कायमचा राहतो. कापडात टोचून ठेवलेली सुईही काढा, पावसाळ्यात ती गंजते आणि तो डाग जात नाही.

मग पिशवी नीट तपासा. लोकरीच्या गुंड्यावरची कागदी पट्टी टाकू नका. तिच्यावर रंगाचा आणि लॉटचा नंबर असतो, आणि एकाच रंगाच्या दोन लॉटमध्येही छटेचा फरक पडतो. विणायच्या सुयांचा नंबर लिहून ठेवा. पिशवीच्या तळाशी, पर्समध्ये किंवा देवघरातल्या पोथीत टाक्यांचा हिशोब लिहिलेला एखादा कागद असू शकतो, तोही शोधा. सगळ्याचा फोटो काढा. एका चिठ्ठीवर लिहा: कुणी विणलं, कुणासाठी, कधी सुरू केलं, कुठवर आलं.

लोकरीला कसर लागते, म्हणून ती उन्हात झटकून, जुन्या सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तान्ह्या बाळाचं कापड असेल तर त्यात डांबराच्या गोळ्या मात्र ठेवू नका. काही बाळांच्या शरीरात जी-सिक्स-पीडी नावाचं एंझाइम जन्मतः कमी असतं. अशा बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेने फुटू शकतात आणि कावीळ होऊ शकते.

शकुन-अपशकुनाचं काय?

सासूबाईंचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. बाळाच्या काळजीपोटीच त्या बोलत आहेत. पण आपल्याच घरांतली एक जुनी रीत त्यांना आठवून द्यावी. आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याची दुपटी आणि गोधड्या आपण पिढ्यान् पिढ्या वापरत आलो. आजी गेल्यावर तिच्या लुगड्याची गोधडी शिवून घेणारी कितीतरी घरं आहेत, आणि त्या गोधडीत पोरं सुखाने झोपली. हा स्वेटर तर आईने कधी अंगावर घातलेलाही नाही. तो पहिल्या टाक्यापासून बाळाचाच आहे. एवढं सांगूनही त्यांचं मन मानत नसेल, तर वाद वाढवू नये. स्वेटर पूर्ण करून ठेवता येतो आणि बाळाला तो कधी घालायचा, हे नंतर ठरवता येतं.

शेवटचा शब्द कुणाचा?

अशा वेळी जो मोठ्याने बोलतो त्याचं चालतं. तसं होऊ नये. विणणारी व्यक्ती गेली असेल, तर ती वस्तू जिच्यासाठी होती त्या व्यक्तीने ठरवावं. ती व्यक्ती तान्ही असेल तर बाळाच्या आईवडिलांनी. मावशी, मामा, आजी यांनी मत जरूर द्यावं, पण पिशवी परस्पर उचलून नेऊ नये. प्रेमापोटी स्वेटर गुपचूप पूर्ण करून आणणारी माणसंही असतात. त्यांना वाटतं, केवढा आनंद होईल! प्रत्यक्षात एखाद्या लेकीला आईचा तो शेवटचा टाका पुन्हा एकदा हातात घेऊन बघायचा असतो, आणि तो आता नव्या ओळींच्या खाली गेलेला असतो.

एक साधा नियम पाळावा. वर्षश्राद्ध होईपर्यंत परत फिरवता येणार नाही असं काही करू नये. कापू नये, उसवू नये, कुणाला देऊ नये. पहिल्या काही महिन्यांत घेतलेले निर्णय बरेचदा दुःख लवकर आवरण्यासाठी घेतलेले असतात. ज्यांना ती पिशवी समोर दिसणंही सोसत नाही, त्यांनी ती बहिणीकडे किंवा मैत्रिणीकडे ठेवायला द्यावी.

मग इंदूरच्या बाळाची थंडी? विणकामात एक सोय आहे. टाक्यांतून ओवलेला तो रंगीत दोरा तसाच राहू द्यायचा आणि मावशीने त्याच्या पुढे विणायला घ्यायचं. उद्या मन बदललं, काम पसंत पडलं नाही, तर नवीन ओळी उसवत दोऱ्यापर्यंत यायचं. आईचं काम तिथे जसंच्या तसं असेल. म्हणून पूर्ण करणं हा परत फिरवता येणारा निर्णय आहे. उसवणं किंवा देऊन टाकणं तसं नाही.

जोड दिसू द्या

पूर्ण करायचं ठरलं तर एक गोष्ट मान्य करून टाका. दोन हातांचं विणकाम सारखं येत नाही. कुणी दोरा घट्ट ओढतं, कुणी सैल सोडतं. त्याच सुया, तीच लोकर घेतली तरी एक बाही थोडी वेगळी दिसणार. आधी दोन-तीन इंचांचा नमुना विणून बघा, गरज पडली तर सुईचा नंबर बदला. तरीही फरक राहिला तर राहू द्या. लोकर पुरत नसेल तर तोच रंग शोधत बाजारभर हिंडण्यापेक्षा दुसरी बाही सरळ वेगळ्या रंगात घ्या.

ही वाट आपल्याकडे फार जुनी आहे. सातव्या शतकात, हर्षवर्धनाच्या काळात बाणभट्टाने संस्कृतात ‘कादंबरी’ लिहायला घेतली आणि ती पूर्ण होण्याआधीच तो गेला. त्याच्या मुलाने ती पुरी केली. सुरुवातीलाच त्याने सांगून टाकलं, की कथा अपुरी राहिल्याने सज्जनांना झालेलं दुःख पाहून मी हे काम हाती घेतलं, कवित्वाच्या गर्वाने नाही. पुढच्या पिढ्यांनीही वडिलांचा तो पूर्वभाग आणि मुलाचा तो उत्तरभाग, अशी वेगळी ओळख ठेवली. ‘कादंबरी’ हा शब्द मराठीत आपण आज रोज वापरतो, तो याच दोन हातांच्या पुस्तकाच्या नावावरून आला. बाप कुठे थांबला आणि मुलगा कुठून पुढे गेला, हे लपवलं नाही म्हणून त्या पुस्तकाचं काही बिघडलं नाही.

घरात कुणालाच येत नसेल तर सोसायटीतल्या महिला मंडळात विचारा, लोकरीच्या दुकानात विचारा. विणून देणाऱ्या बायका दुकानदाराच्या बऱ्याचदा ओळखीच्या असतात. अमेरिकेत तर 2022 मध्ये ‘लूज एंड्स’ नावाचा उपक्रमच सुरू झाला. गेलेल्या माणसाचं अर्धं राहिलेलं विणकाम, भरतकाम, गोधडीकाम स्वयंसेवक विनामूल्य पूर्ण करून घरच्यांना परत देतात. आपल्याकडे गल्लीत चार जणींनी ठरवलं तरी हे होण्यासारखं आहे. गोधडी असेल तर आणखी सोपं. घरातल्या प्रत्येकाने एकेक ओळ धावदोरा घालावा. नातवाचे टाके वाकडे येतील, येऊ द्यात.

पूर्ण न करणं हाही निर्णय

राहिलेलं काम पूर्ण केलंच पाहिजे, असं गेलेल्या माणसाचं आपल्यावर काही ऋण नसतं. भावाचं म्हणणंही तितकंच खरं आहे. बाही नसलेला स्वेटर बाह्यांच्या जागी काठ विणून बंडी म्हणून वापरता येतो. विणलेली पाठ उशीच्या अभ्र्यावर शिवता येते, काचेच्या चौकटीत लावता येते. अर्धा टेबलक्लॉथ अर्धाच पसरला तरी चालतो, फुलं तर तिनेच भरलेली आहेत. बाळ मोठं होऊन स्वेटर तोकडा पडला तर तो त्याच्या बाहुलीला होईल. आणि यातलं काहीच नको वाटलं, तर डब्यात चिठ्ठीसह ठेवून द्यावा. चिठ्ठी महत्त्वाची, कारण वीस वर्षांनी डबा उघडणाऱ्याला ती नसेल तर आत नुसती लोकर सापडेल.

घेणारंच माणूस जातं तेव्हा

याची दुसरी, अधिक कठीण बाजू आहे. विणणारी असते आणि जिच्यासाठी विणायचं ती व्यक्ती जाते. नवऱ्याच्या मफलरच्या शेवटच्या दहा ओळी राहतात, किंवा ज्या बाळासाठी टोपडं सुरू केलं ते बाळच घरी येत नाही. तिथे निर्णय पूर्णपणे विणणारीचा. "दुसऱ्या बाळाला होईल की," असं कुणी म्हणू नये. तिच्या नजरेआड व्हावं म्हणून घरच्यांनी ते लपवूही नये. काही बायका मफलर पूर्ण करून स्वतः वापरतात. काही जणी एक दिवस सगळं उसवतात. आपल्या आज्या जुने स्वेटर उसवून, लोकरीची लड करून, धुऊन, खाली वजन बांधून वाळवत आणि पुन्हा विणायला घेत. उसवलेली लोकर फुकट जात नाही. पण ती वेळ तिची तिलाच कळते. घरच्यांनी एवढंच करावं, ती उसवत असेल तर समोर बसून गुंडा करू लागावं.

तुमच्या कपाटात अशी एखादी पिशवी असेल, तर आज निर्णय घेऊ नका. आज फक्त टाक्यांतून एक दोरा ओवा आणि चिठ्ठी लिहा. बाकीचं सावकाश ठरवता येईल.