नुसत्या गौरवानें सांथ हटत नाहीं

१८९७ सालीं पुण्यांत प्लेगनें थैमान घातलें, तेव्हां सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करतां करतां स्वतः त्या रोगास बळी पडल्या. त्या त्यागापुढें कोणाचेंहि मस्तक नम्र होईल. परंतु समाजानें आपल्या आरोग्याची व्यवस्था कायमची अशा त्यागावरच सोंपवावी, हें आम्हांस मान्य नाहीं. सेवावृत्तीच्या आडून वेतन चुकविणें हा निव्वळ कृपणपणा होय.

२०२० सालच्या मार्चांत देशानें थाळ्या वाजवून आरोग्यसेवकांचा गौरव केला. त्याच महिन्यांत केंद्र सरकारनें सुमारें २२ लक्ष सेवकांसाठीं प्रत्येकी ५० लक्ष रुपयांचा विमा जाहीर केला. हें योग्यच झालें. पण विम्याची रक्कम मेलेल्याच्या वारसास मिळते, जिवंताचें पोट तिनें भरत नाहीं. दारोदार फिरून कोरोनाचे रोगी हुडकणाऱ्या आशा सेविकांस त्या कामाबद्दल केंद्राकडून महिना अवघे १,००० रुपये ठरले. अखेर जून २०२१ मध्यें महाराष्ट्रांतील जवळजवळ ७०,००० सेविकांनीं काम थांबविलें, तेव्हां कोठें राज्य सरकारनें मानधनांत १,००० व कोरोना-भत्त्याचे ५०० रुपये मान्य केले. पुढें पुनः संप झाले आणि मार्च २०२४ मध्यें, म्हणजे सांथ ओसरल्यावर, मासिक ५,००० रुपयांची वाढ मंजूर झाली. जें शांततेच्या काळीं देतां आलें, तें संकटकाळीं कां देतां आलें नाहीं?

भरतीचीहि तीच कथा. सांथींत करारावर घेतलेल्या अनेक परिचारिकांस लाट ओसरतांच घरीं पाठविण्यांत आलें. शिकवून तयार केलेला मुनीम हंगाम संपतांच हांकलून पुढील हंगामीं नवखा शोधणारा व्यापारी आमच्या वाचकांस शहाणा वाटेल काय?

इतका पैसा आणावा कोठून, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, २०२० सालीं महिनेच्या महिने दुकानें बंद राहून जो तोटा झाला, त्याचा हिशेब ज्यानें त्यानें आपल्या वहींत पाहावा.

यासाठीं आरोग्यसेविकांस ठराविक वेतन दरमहा वेळेवर मिळावें, सांथीचा भत्ता आरंभींच ठरावा आणि करारावरील अनुभवी सेवकांस रिकाम्या जागीं प्रथम घ्यावें. आपल्या नगरपालिकेच्या अंदाजपत्रकांत ह्यासाठीं किती तरतूद आहे, हें करदात्यांनीं निर्भीडपणें विचारावें. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आशा सेविकांस सन्मानिलें. जगानें मान दिला. दाम देणें हें आपलें कर्तव्य आहे.