तिकिटावरचे पाच तास

लेकीच्या बाळंतपणासाठी जानेवारीत लंडनला निघालेल्या एका वाचक भगिनीने विचारले आहे : "विमान मुंबईहून रात्री २ ला सुटते, सकाळी ७ ला पोहोचते. म्हणजे पाचच तास ना? मग मधुमेहाची सकाळची गोळी उतरल्यावरच घेईन."

ताई, तसे ठरवू नका. तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची असते आणि पोहोचण्याची लंडनची. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. तेव्हा पाचात साडेपाच मिळवा. प्रवास झाला साडेदहा तासांचा! अंतरच सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. तुम्ही उतराल तेव्हा इथे दुपारचे साडेबारा वाजलेले असतील.

परतताना गंमत उलटी. रात्री साडेनऊला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुंबई. दिसतात साडेचौदा तास, खरे नऊच. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते येताना विमानाला पुढे रेटतात, जाताना अडवतात.

निघण्यापूर्वी डॉक्टरांना तिकीट दाखवून गोळ्यांच्या आणि खाण्याच्या वेळा लिहून घ्या. उतरेपर्यंत मनगटावरचे घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या. औषधे हातातल्या पिशवीतच हवीत. कुणी इन्सुलिन घेत असेल तर ते मोठ्या बॅगेत मुळीच टाकू नये, गोठून निकामी होऊ शकते. जागा मधल्या वाटेलगतची मागा, म्हणजे शेजाऱ्याची झोप न मोडता अधूनमधून उठून चार पावले चालता येईल.