इंजिन तापले, तर आधी कारण शोधा

एप्रिल-मे महिन्यांत ग्रामीण भागात दोन गाड्यांना उसंत नसते. एक म्हणजे उन्हाळ कांदा, टोमॅटो, कलिंगड भरून बाजारपेठ गाठणारा ट्रक आणि दुसरा वाड्यावस्त्यांना पाणी पुरवणारा टँकर. ऊन चाळीस अंशांच्या वर, गाडी जुनी, माल काठोकाठ आणि पुढे चढ. अशा वेळी उष्णतेचा काटा लाल पट्ट्यात गेला की एकाचा माल वाटेत सडतो आणि दुसऱ्याची वस्ती तहानलेली राहते. म्हणून तापलेल्या इंजिनाचा विषय केवळ ड्रायव्हरचा किंवा गॅरेजवाल्याचा नाही. तो शेतकऱ्याचा आहे आणि ग्रामपंचायतीचाही आहे.

आपल्याकडे गाडी तापली की नेहमीचे तीन प्रकार होतात. कोणी "पुढच्या ढाब्यापर्यंत नेऊ" म्हणून तशीच रेटतो. कोणी घाईने रेडिएटरचे झाकण उघडून गार पाणी ओततो. तिसरा अंदाजाने एकेक पार्ट बदलत सुटतो. आज पंप, उद्या रेडिएटर, परवा आणखी काही. पीक पिवळे पडले की लगेच युरिया टाकण्यासारखेच हे झाले. पिवळेपणा नत्राच्या कमतरतेने येतो, लोहाच्या कमतरतेने येतो, मुळाशी पाणी साचल्यानेही येतो. कारण न पाहता टाकलेल्या खताचा खर्च वाया जातो आणि रोग तसाच राहतो. इंजिनाचेही तेच आहे. तापणे हे लक्षण आहे, रोग नव्हे.

आधी थांबा

काटा वर चढू लागताच सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी. पंखा फिरत असेल आणि पाणी गळत नसेल, तर दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवावे, उष्णता बाहेर पडते. बेल्ट तुटला असेल किंवा पाणी वाहून गेले असेल, तर मात्र तत्काळ बंद करावे. कोरडे इंजिन चालवले तर हेड वाकते, गॅस्केट जळते, पिस्टन धरतो. शंभर-दोनशे रुपयांचे काम मग हजारोंच्या घरात जाते.

गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. झाकणामुळे आतले पाणी दाबाखाली असते. उघड्यावर १०० अंशांना उकळणारे पाणी दाबाखाली सुमारे १२० अंशांपर्यंत न उकळता राहते. झाकण उघडताच दाब जातो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि तोंड, छाती, हात पोळतात. किमान अर्धा तास थांबावे. वरचा होज पाइप हाताने सहज धरता आला की जाड फडके टाकून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे, वाफ जाऊ द्यावी, मगच काढावे. तापलेल्या हेडमध्ये एकदम गार पाणी गेले तर त्याला तडा जाऊ शकतो. पाणी इंजिन निवल्यावर, हळूहळू घालावे.

गाडी कधी तापते, ते पाहा

डॉक्टर जसा "ताप कधी येतो" असे विचारतो, तसे गाडीला विचारावे. उभी असताना किंवा हळू चालताना तापते आणि वेगात निवते, तर संशय पंख्यावर, बेल्टवर किंवा फॅन क्लचवर घ्यावा. पिकअपला विजेचा पंखा असेल तर फ्यूज आणि रिले पाहावा. सपाटीला ठीक आणि चढाला, भाराला तापते, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून बुजलेला असण्याची शक्यता जास्त. सकाळी गार इंजिन चालू केल्यावर थोड्याच वेळात तापते, तर पाणी कमी आहे, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे किंवा गॅस्केट गेले आहे. काटा लाल पट्ट्यात, पण वाफ नाही, उकळण्याचा आवाज नाही, होज पाइपही फारसा गरम नाही, असे असेल तर पाण्याची पातळी पाहून सेन्सर तपासावा.

स्वस्तापासून महागाकडे

तपासणीचा क्रम खिशाला परवडेल असा लावावा. सगळे पाहणे इंजिन गार असताना आणि बंद असताना करावे.

पहिले, पाण्याची पातळी आणि गळती. सांध्यांवर पांढरे, हिरवे किंवा तांबूस डाग दिसले तर तिथून पाणी जात आहे असे समजावे. दुसरे, झाकण. त्याचे रबर चिरले किंवा स्प्रिंग ढिली पडली, तर दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळते. तिसरे, बेल्ट. दोन चाकांमधल्या लांब बाजूवर अंगठ्याने दाबला तर साधारण एक ते दीड सेंटिमीटर आत जावा. जास्त लवला तर सैल आहे, आतून चकचकीत झाला असेल तर घसरतो आहे.

चौथे, रेडिएटरची जाळी. उसाचे पाचट, मळणीचे भुसकट, धूळ आणि किडे यांनी ती बुजते. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला, कमी दाबाने पाणी मारून धुवावी. जोराचा फवारा मारला तर पत्र्या वाकतात. पाचवे, होज पाइप. खालचा पाइप नरम पडला असेल तर इंजिनाचा वेग वाढताच चिमटला जातो आणि पाणी अडते. सहावे, थर्मोस्टॅट. काढून पातेल्यातल्या पाण्यात दोरीने टांगावा, पाणी तापवावे. त्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास, बहुधा ८० च्या पुढेमागे, तो उघडू लागला पाहिजे. सातवा, पाण्याचा पंप. पंखा धरून हलवल्यावर दांडा खुळखुळत असेल किंवा पंपाखालच्या बारीक छिद्रातून पाणी ठिबकत असेल, तर पंप गेला.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि गाडी चालवून पाहावी. तीन पार्ट एकदम बदलले तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. चाकाला हात जवळ नेऊनही पाहावा. ब्रेक चिकटून राहिले तर इंजिनावर विनाकारण भार येतो.

थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. ती चुकीची आहे. तो नसला की इंजिन गार राहते, डिझेल जास्त खाते आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर तो काढल्यावर पाणी रेडिएटरला वळसा घालून आतल्या आतच फिरते आणि गाडी उलट जास्त तापते.

हात कुठे थांबवावा

रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून थांबत नाही असा पांढरा धूर, डिपस्टिकला दुधाळ चहासारखे तेल, गळती न दिसता कमी होणारे पाणी, ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे आहेत. तिथे घरगुती पाना बाजूला ठेवून चांगला मिस्त्री गाठावा. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतरच्या गाड्यांत सेन्सर आणि संगणक आले आहेत. त्यांत पाणी, बेल्ट, जाळी एवढे आपण पाहावे, पुढचे यंत्र लावूनच तपासून घ्यावे.

पाणीच बरे नसेल तर

आपल्या बहुतेक बोअरचे पाणी जड आहे. चहाच्या भांड्याला जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनाच्या आत बसतो आणि उष्णता अडवतो. कंपनीने सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळून वापरावे. वाटेत अडचण आली तर मिळेल ते स्वच्छ पाणी घालावे, पण घरी आल्यावर ते बदलावे. एक धोका ध्यानात ठेवावा. नेहमीचे कूलंट विषारी असून चवीला गोड असते. काढलेले कूलंट गोठ्यापाशी, हाळापाशी उघडे ठेवू नये. जनावर किंवा कुत्रे ते प्यायले तर दगावू शकते.

पंचायतीने काय करावे

टँकरच्या लॉगबुकात किलोमीटर आणि डिझेल लिहिले जाते. त्यातच रोज सकाळी रेडिएटरचे पाणी, बेल्ट आणि इंजिन ऑइल पाहिल्याची नोंद करणारा एक रकाना वाढवावा. टँकर ठेकेदाराचा असला तरी ही अट करारात घालता येईल. गाडीत एक बेल्ट, एक झाकण, होज पाइप, क्लिपा आणि पाण्याचा कॅन कायम असावा. पंचायत समितीने उन्हाळ्यापूर्वी तालुक्याच्या आयटीआयमध्ये टँकरचालक आणि मालवाहतूक करणाऱ्या तरुणांसाठी एक दिवसाचे प्रात्यक्षिक ठेवावे. त्याला मोठा निधी लागत नाही, एक जुने इंजिन आणि एक जाणता मिस्त्री पुरेसा आहे. फवारणीचे प्रात्यक्षिक बांधावर होते, तसे हे गाडीच्या बॉनेटपाशी व्हावे.

टँकर बंद पडला की पर्यायी गाडीसाठी फोन सुरू होतात, कागद फिरतात आणि तोवर हंडे रिकामेच राहतात. सकाळची पाच मिनिटांची पाहणी त्याहून कितीतरी स्वस्त आहे. यंदाच्या टंचाई बैठकीत विहिरी आणि खेपांबरोबर टँकरच्या इंजिनाचाही विषय घ्यावा.